दुब्रोव्निक : तटाच्या आतलं शहर पाहायला निघालेल्यांचे नेहमीचे प्रश्न

ओळखीपाळखीत कुणाचं क्रोएशियाचं ठरलं की माझ्या फोनवर तेच ते प्रश्न येऊन पडतात. मी तीनदा जाऊन आलोय. एकदा एकटा, एकदा बायकोबरोबर आणि एकदा आई-बाबांना घेऊन. होण्यासारख्या बहुतेक चुका पहिल्या दोन खेपांतच उरकल्या. दरवेळी नव्याने टाइप करण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतो.

दुब्रोव्निकला पाहण्यासारखं नक्की काय आहे?

एड्रियाटिक समुद्राच्या काठी, क्रोएशियाच्या दक्षिण टोकाला एक छोटं दगडी शहर आहे. त्याच्याभोवती अखंड तट आहे आणि तटाच्या आत आजही माणसं राहतात. कपडे वाळत असतात, खिडकीतून कुकरऐवजी मासे तळल्याचा वास येतो. १९७९ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. जुनं नाव रागुसा. मधली साडेचार शतकं हे एक स्वतंत्र व्यापारी प्रजासत्ताक होतं. एका बाजूला व्हेनिस, दुसऱ्या बाजूला तुर्क, आणि मध्ये हे चिमूटभर गाव. लढून नव्हे, तर वाटाघाटी करून, खंडणी भरून आणि हिशोब चोख ठेवून टिकलेलं. तुर्की सुलतानाला वर्षाला १२,५०० सोन्याची नाणी पोचवायची आणि त्या बदल्यात त्याच्या सगळ्या मुलखात व्यापार करायचा, असा सरळ व्यवहार. तट पाहताना हे डोक्यात असू द्या. इतका भक्कम तट बांधला खरा, पण शहर वाचवलं ते वकिलांनी आणि खजिनदारांनी.

किती दिवस ठेवावेत?

दोन रात्री. टूरवाल्यांबरोबर गेलात तर चार तास मिळतात, आणि तेही नेमके चुकीचे, म्हणजे अकरा ते तीन. हे शहर सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर पाहायचं असतं. मधल्या वेळात क्रूझमधून उतरलेली गर्दी मुख्य रस्त्यावर असते. गर्दीचा त्रास इतका वाढला की २०१९ पासून एका वेळी दोनच मोठी जहाजं आणि जास्तीत जास्त चार हजार प्रवासी, अशी मर्यादा घातली गेली. आकडा ऐकायला बरा वाटतो. पण तटाच्या आत कायमचे राहणारे हजार-दीड हजार, त्यात हे चार हजार मिळवा.

व्हिसा कुठला लागतो? कोतोर आणि मोस्तार एका दिवसात होतात का?

क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे आणि त्याच दिवसापासून तिथे युरो चालतो. त्यामुळे भारतीय पासपोर्टवाल्यांना साधा शेंगेन व्हिसा पुरतो. कुणी जुन्या ब्लॉगवरून ‘कुना (तिथलं जुनं चलन) घेऊन जा’ सांगत असेल तर दुर्लक्ष करा.

आता महत्त्वाचं. मॉन्टेनेग्रोतलं कोतोर आणि बॉस्नियातलं मोस्तार, या दोन्ही एकदिवसीय सहली दुब्रोव्निकमध्ये गल्लोगल्ली विकल्या जातात. पण ते दोन्ही देश शेंगेनच्या बाहेर आहेत. तुमचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर बाहेर पडता येईल, परत येता येणार नाही आणि सामान राहील हॉटेलात. आमच्या बसमधल्या एका जोडप्याला ही गोष्ट सीमेवरच्या रांगेत कळली. बिचारे तिथेच उतरले आणि टॅक्सी करून माघारी फिरले. अनेक प्रवेशांचा व्हिसा असेल तर सहसा अडचण येत नाही, तरीही निघायच्या आधी त्या त्या देशाचा चालू नियम बघूनच तिकीट काढा.

पोचायचं कसं?

भारतातून थेट विमान नाही. इस्तंबूल किंवा युरोपातल्या एखाद्या मोठ्या विमानतळावरून बदलून जावं लागतं. विमानतळ शहरापासून वीसेक किलोमीटरवर आहे, बस मिळते. उतरताना समुद्राच्या बाजूची खिडकी मागून घ्या. रेल्वे दुब्रोव्निकला जात नाही. स्प्लिटहून बसने चारेक तास लागतात.

या बसच्या रस्त्याची गोष्ट मजेशीर आहे. क्रोएशियाचा किनारा एके ठिकाणी तुटतो आणि मध्येच नेउम नावाचं बॉस्नियाचं गाव लागतं. हे असं का? तर १६९९ मध्ये रागुसावाल्यांनी व्हेनिसची हद्द आपल्याला चिकटू नये म्हणून मधला पट्टा चक्क तुर्कांना देऊन टाकला. नको असलेल्या शेजाऱ्यापेक्षा मध्ये तिसरा बरा! त्या एका सौद्यापायी तीनशे वर्षांनंतरही प्रवाशांना एका देशातल्या देशात जाताना दोनदा पासपोर्ट दाखवावा लागायचा. २०२२ मध्ये पेल्येशात्सचा पूल झाला आणि ती कटकट संपली. पुलावरून जाणारी बस आहे ना, एवढं तिकीट काढताना विचारून घ्या.

कुठल्या महिन्यात जावं?

मे किंवा सप्टेंबरचा शेवट. जुलै-ऑगस्टमध्ये दगड इतके तापतात की पोळी भाजावी. शिवाय १० जुलै ते २५ ऑगस्ट शहराचा मोठा नाट्य-संगीत महोत्सव असतो, त्यामुळे राहण्याचे दर चढतात. १९५० पासून तो चालू आहे आणि नाटकं किल्ल्यात, चौकात उघड्यावर होतात, म्हणून नाटकवेड्यांनी मुद्दाम त्याच वेळी जावं. हिवाळ्यात शांतता असते, पण निम्मी उपाहारगृहं बंद. अपवाद ३ फेब्रुवारीचा. त्या दिवशी ग्रामदैवताची, म्हणजे संत व्लाहोची जत्रा असते. ग्रामदैवत हा शब्द मी उगाच वापरत नाही. पालखीसारखी मिरवणूक, गावोगावचे झेंडे, घसा बरा राहावा म्हणून गळ्याशी मेणबत्त्या धरून घेतलेला आशीर्वाद. आपल्या माणसाला तिथे अजिबात परकं वाटत नाही.

तटावरून फिरायला किती वेळ लागतो? सुरुवात कुठून करावी?

पूर्ण फेरी जवळपास १,९४० मीटरची. रमतगमत दोन तास. गड-किल्ले फिरलेल्यांना फांजी, म्हणजे तटावरची चालायची वाट, सांगायला नको. ही सलग फांजी आहे, कुठेही न तुटलेली. काही ठिकाणी तट २५ मीटर उंच आहे. जमिनीच्या बाजूला जाडी चार ते सहा मीटर, समुद्राच्या बाजूला दीड ते तीन. शत्रू कुठून येणार याचा अंदाज त्या आकड्यांतच दिसतो. तोफांचा जमाना आला, १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल पडलं आणि इथल्यांनी घाईघाईने सगळं जाड करून घेतलं. वायव्य कोपऱ्यातला मिंचेता हा सर्वांत उंच बुरूज त्याच धास्तीतला. फ्लोरेन्सच्या मिकेलोत्सोने काम हाती घेतलं आणि यूराय दाल्मातिनात्सने १४६४ मध्ये पुरं केलं.

चालायची दिशा एकच, घड्याळाच्या उलट. बहुतेक जण पिले दरवाजापाशी चढतात, कारण बस तिथे थांबते. तुम्ही तसं करू नका. पूर्वेच्या प्लोचे दरवाजाकडून चढा. रांग कमी असते, आणि दुसरं म्हणजे मिंचेताकडे जाणारी चढण सकाळच्या सावलीत उरकते. मग उरलेला अर्धा तट समुद्राच्या वाऱ्यात, उताराने. पिलेकडून चढलेले लोक हीच चढण शेवटी, उन्हात, रिकाम्या बाटल्या घेऊन चढताना दिसतात. पहिल्या खेपेला मीही त्यांच्यातच होतो.

उन्हाळ्यात सकाळी आठला तट उघडतो. आठला पाच कमी असताना तिथे असा. टोपी, पाणी, रबरी तळव्याचे बूट. वर सावली जवळजवळ नाहीच.

तिकीट खरंच इतकं महाग आहे?

आहे. गेल्या काही वर्षांत मोठ्या माणसाला ३५ ते ४० युरोंच्या घरात पडतं. हिवाळ्यात कमी. आईने रुपयांत हिशोब केला आणि म्हणाली, “इतक्यात रायगडचा रोपवे घरच्या सगळ्यांना दाखवून आणला असता.” पण एक युक्ती आहे. शहराचा एक दिवसाचा पास साधारण त्याच किमतीत मिळतो, आणि त्यात तटाबरोबर काही संग्रहालयं आणि शहर बसही येते. म्हणजे नुसतं तटाचं तिकीट काढण्यात काही अर्थच नाही. लोव्रियेनात्स किल्लाही त्यातच होतो, तिकीट फेकून देऊ नका.

हा लोव्रियेनात्स अवश्य करा. तटाच्या बाहेर, ३७ मीटर उंच कड्यावर एकटा उभा आहे. त्याच्या समुद्राकडच्या भिंती बारा मीटरपर्यंत जाड आणि शहराकडची भिंत फक्त ६० सेंटिमीटर. का? तर किल्लेदारच उलटला तर त्याच्यावर शहरातून तोफ डागता यावी म्हणून! दारावर लॅटिनमध्ये कोरलंय की जगातल्या सगळ्या सोन्याच्या बदल्यातही स्वातंत्र्य विकणं बरं नव्हे. दरवर्षी सुलतानाला सोनं मोजणाऱ्यांनी हे कोरावं, यातली गंमत त्यांनाही कळत असणार.

गुडघे दुखणाऱ्यांनी काय करावं?

तट सोडून द्यावा. वाईट वाटून घेऊ नये. मध्येच उतरायच्या जागा मोजक्या आहेत आणि पायऱ्या ओबडधोबड. बाबा सकाळी तटावर आले, आई खाली स्त्रादूनवर बसली, आणि दोघांपैकी जास्त शहर आईने पाहिलं असं माझं मत आहे.

स्त्रादून म्हणजे मुख्य रस्ता, तीनशे मीटर लांब, सपाट, वाहनं नाहीत. पूर्वी इथे खाडीचा चिंचोळा पट्टा होता. एका बाजूला खडकावरची रागुसा, दुसऱ्या बाजूला डोंगरपायथ्याची स्लाव वस्ती. तो बुजवला आणि दोन्ही गावं जोडली गेली. पायांनी घासून घासून फरशी इतकी गुळगुळीत झालीय की पाऊस पडला की दिवे तिच्यात उलटे दिसतात आणि माणसं धपाधप घसरतात. दुतर्फा घरं एकसारखी, कारण ६ एप्रिल १६६७ च्या भूकंपात शहर जवळजवळ जमीनदोस्त झालं, काही हजार माणसं गेली, आणि नवी घरं ठरावीक नमुन्यानेच बांधायला लावली. तळमजल्यावर दुकानं. दार आणि खिडकी एकाच कमानीत, गुडघ्यात वाकवलेल्या पायासारखी. खिडकीचा कट्टा म्हणजेच दुकानाचा गल्ला. आई पुण्याच्या तुळशीबागेत वाढलेली. तिला ते दाखवावं लागलं नाही, तिनेच मला दाखवलं.

वरून पाहिलं तर काही कौलं फिकट, काही लालभडक. असं का?

फिकट, पिवळसर, डागाळलेली कौलं जुनी. भडक नारिंगी ती १९९१ नंतरची. युगोस्लाव्हिया फुटला तेव्हा १ ऑक्टोबर १९९१ पासून शहराला वेढा पडला, पाणी-वीज तुटली. सर्वांत मोठा तोफमारा ६ डिसेंबरला झाला. जुन्या शहरातल्या साधारण दोन तृतीयांश इमारतींना कमी-जास्त मार बसला. युनेस्कोने १९९१ मध्ये शहर धोक्यातल्या वारशांच्या यादीत घातलं आणि दुरुस्ती झाल्यावर १९९८ मध्ये काढलं.

दरवाजांच्या आत भिंतीवर एक नकाशा लावलाय. कुठे गोळा पडला, कुठलं घर जळालं, खुणांसकट. लोक आइस्क्रीम खात त्याच्यासमोरून जातात. थांबून वाचा, मग तटावर चढा. कौलं पाहायची नजर बदलते. स्पोंझा वाड्यात लढताना गेलेल्यांचे फोटो लावलेली एक खोली आहे. बरेचसे चेहरे कॉलेजातल्या पोरांचे.

आतल्या इमारतींपैकी काय चुकवू नये?

रेक्टरचा वाडा. रेक्टर म्हणजे प्रजासत्ताकाचा प्रमुख, मुदत फक्त एक महिना! त्या महिन्यात त्याने बायकामुलांना सोडून या वाड्यात राहायचं आणि सरकारी कामाशिवाय बाहेर पडायचं नाही. म्हणजे मानाची नजरकैदच. सभागृहाच्या दारावर लॅटिन ओळ आहे : खासगी विसरा, सार्वजनिक काम पाहा. रात्री शहराचे दरवाजे बंद झाले की किल्ल्या इथे येत. अंगणात मिहो प्रात्सात या दर्यावर्दी सावकाराचा पुतळा आहे. सगळी संपत्ती राज्याला देऊन गेला म्हणून. प्रजासत्ताकाने सामान्य घरातल्या एवढ्या एकाच नागरिकाचा पुतळा उभारला, तोही मेल्यानंतर कित्येक वर्षांनी.

स्पोंझा वाडा १६ व्या शतकातला, भूकंपातून वाचलेला. इथे जकात नाकं होतं. तराजू टांगायच्या कमानीवर लिहिलंय की आमची वजनं ना फसवू देतात ना फसू देतात, आणि मी माल मोजतो तेव्हा देव मला मोजतो. मार्केट यार्डातल्या वजनकाट्यावर ही ओळ रंगवून घ्यावी असं मला फार वाटतं.

फ्रान्सिस्कन मठातलं औषधाचं दुकान १३१७ चं. अजून औषधं देतात, क्रीम-बिम मिळतं. पिले दरवाजापाशी गोल घुमटाचा मोठा हौद आहे, १४३८ चा. ओनोफ्रियो नावाच्या इटालियन माणसाने बारा किलोमीटरवरून पाणी आणलं. १६ दगडी तोंडांतून अजूनही येतं, गार आणि पिण्याजोगं. बाटली तिथेच भरा.

आणि तटाबाहेर प्लोचेकडे लाझारेती, म्हणजे बाहेरून येणाऱ्यांना वेगळं ठेवायच्या इमारती. इथे माझा सगळ्यात जास्त वेळ जातो. १३७७ मध्ये या शहराने कायदा केला की साथ असलेल्या मुलखातून येणाऱ्याने आधी ३० दिवस बाहेर, जवळच्या बेटावर किंवा त्सावतात या गावी काढायचे, मगच आत. व्यापार बंद करायचा नाही आणि प्लेगही आत घ्यायचा नाही, यावर काढलेला तोडगा. पुढे ३० चे ४० झाले आणि इटालियनमधल्या ‘चाळीस’वरून तो शब्द आला, जो २०२० मध्ये आपल्या गल्लीतल्या पोरांनाही पाठ झाला : क्वारंटाइन. आत्ताच्या लाझारेतीच्या इमारती पुढच्या, १७ व्या शतकात पुऱ्या झालेल्या. लांबच लांब कोठारं, मध्ये अंगणं, दोन्ही टोकांना पहारेकऱ्यांच्या खोल्या. फारसं कुणी फिरकत नाही. तिथल्या दगडी कट्ट्यावर बसून समोरचं जुनं बंदर बघावं, आणि आजारी नसलेला व्यापारी माल शेजारी ठेवून असा महिनाभर शहराकडे बघत बसला असेल तर त्याला काय वाटलं असेल, याचा विचार करावा. तुम्हाला मे २०२० आठवेलच.

दुब्रोव्निकचा गोव्याशी संबंध आहे म्हणतात, खरं का?

धागा खरा आहे. १६ व्या शतकात रागुसाचे व्यापारी आणि खलाशी पोर्तुगीज गोव्यात येत. जुन्या गोव्याच्या पूर्वेला, कुंभारजुव्याच्या वाटेवर गवंडाळीला सां ब्राझचं चर्च आहे. सां ब्राझ म्हणजेच संत व्लाहो, दुब्रोव्निकचा रक्षक. ते चर्च रागुसावाल्यांच्या वस्तीमुळे उभं राहिलं अशी परंपरा आहे आणि क्रोएशियाहून लोक ते बघायला येतात. दुब्रोव्निकमध्ये दरवाजा-दरवाजावर या संताची मूर्ती दिसेल : दाढीवाला बिशप, हातात अख्खं शहर, ताटात मोदक धरावा तसं. गवंडाळीला जाऊन आलेला माणूस ती मूर्ती पाहिली की हसतोच.

‘गेम ऑफ थ्रोन्स’ या गाजलेल्या इंग्रजी मालिकेच्या जागा दाखवणारी सहल घ्यावी का?

मालिका पाहिली असेल तर एकदा, हौसेने. नसेल तर पैसे वाचवा. जेझुइट चर्चच्या १८ व्या शतकातल्या भव्य जिन्यावर रोज शंभर जण एकाच पोझमध्ये फोटो काढतात, आणि जिना मात्र कुणी बघत नाही.

शाकाहारी माणसाची सोय होते का?

होते, कंटाळा येईपर्यंत. पिझ्झा, पास्ता, आणि ‘ब्लित्वा’. ही पालकासारखी पालेभाजी, बटाटा, लसूण आणि ऑलिव्ह तेल. माशाबरोबर वाढतात, पण नुसती मागितली तर आनंदाने देतात. बेकरीत चीज भरलेला बुरेक मिळतो, तो सकाळी गरम घ्या. दोन सूचना. काळा भात दिसला तर तो माकूळच्या शाईचा असतो, मशरूमचा नव्हे. आणि सूप भाज्यांचं असलं तरी पाणी कशाचं आहे ते विचारा. ‘रोझाता’ म्हणजे आपलं कॅरॅमल कस्टर्ड, अंडं असतं.

सकाळी गुंदुलिच चौकात बाजार भरतो. संत्र्याच्या सालीच्या साखरेत पाकवलेल्या कांड्या, सुकी अंजिरं, साखरेत घोळवलेले बदाम. आजीबाई चव बघायला देतात. सालीच्या कांड्या घरी आणल्या तर आवळा-पाकासारख्या टिकतात.

राहायचं तटाच्या आत की बाहेर?

आत राहण्याची हौस एका रात्रीपुरती ठीक. गाडी आत जात नाही. स्त्रादूनच्या दोन्ही बाजूंच्या गल्ल्या म्हणजे जिनेच. दुसऱ्या खेपेला आम्ही उत्तरेकडच्या गल्लीत खोली घेतली. जाहिरातीत लिहिलं होतं ‘मुख्य रस्त्यापासून दोन मिनिटं’. ते खरं होतं. ती दोन मिनिटं उभी चढायची होती, हे लिहिलं नव्हतं. चोवीस किलोची बॅग मी वर नेली, मधल्या पायरीवर बसलेल्या मांजराने जागा दिली नाही, बायकोने फोटो काढला. आई-बाबांसोबत आम्ही पिलेबाहेर, बसच्या वाटेवर राहिलो आणि सुखी झालो.

लोकरूम बेट की श्रज डोंगर, एकच होणार असेल तर?

हवा स्वच्छ असेल तर श्रज. ४१२ मीटर, केबल कार जाते. युद्धात मोडलेली, २०१० मध्ये पुन्हा सुरू झालेली. वर नेपोलियनच्या काळातला किल्ला आहे आणि त्यात वेढ्याचं संग्रहालय. सूर्यास्ताला परतीची रांग मोठी असते, तेवढा हिशोब ठेवा. मुलं बरोबर असतील तर लोकरूम. जुन्या बंदरातून होडीने पंधरा मिनिटं, मोर मोकळे हिंडतात, पोहायला खाऱ्या पाण्याचं तळं. रात्री तिथे राहता येत नाही. हाकलून दिलेल्या साधूंनी बेटाला शाप दिला अशी गोष्ट सांगतात. त्यानंतर ते विकत घेणारा राजपुत्र माक्सिमिलियान पुढे मेक्सिकोचा सम्राट झाला आणि १८६७ मध्ये गोळ्या घालून मारला गेला. गावकरी ही गोष्ट रंगवून सांगतात आणि मग शेवटच्या होडीची वेळ सांगतात.

पोहता येतं का? कपड्यांचे काही नियम?

पाणी नितळ, पण वाळू नाही, गोटे. रबरी चपला घ्या, खडकांवर काळे काटेरी जीव चिकटलेले असतात. पोहून झाल्यावर उघड्या अंगाने किंवा पोहण्याच्या कपड्यांत जुन्या शहरात फिरलात तर दंड होतो, आणि तो खरोखर घेतात.

दिवसभर फिरून पाय गेलेत, रात्र एकच उरलीय. काय करू?

जेवण उरकून दहानंतर जुन्या बंदरावर जा. उन्हाळ्यात तोवर पाकोळ्यांची किरकिर थांबलेली असते. दिवसभर तटावर असतात त्या, शेकड्यांनी. धक्क्यावर म्हातारे गळ टाकून बसतात. घंटाघरात दोन हिरवट झालेले धातूचे पुतळे हातोड्याने ठोके देतात. गावात त्यांना मारो आणि बारो म्हणतात. अकराचे ठोके मोजून होईपर्यंत बसा आणि परतताना स्त्रादूनवरून चपला हातात घेऊन चाला. दगड अजून कोमट असतो.